तुझा खण ठेवलाय

आमच्या माहेरच्या कपाटाचे खण कायम सैल असायचे, कारण ते एकदा गंगेत न्हाले होते. सासरी हे सांगितलं की माणसं हसायची. काशीचा माणूस गंगेत न्हातो, गाय न्हाते, हे त्यांना पटायचं. पण कपाटाचे खण? मग मला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागे. ती सांगताना मी पुन्हा रामघाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसत असे, म्हणून कंटाळा मात्र कधी आला नाही.

माझे वडील, आबा, रामघाटाजवळच्या पाठशाळेत वेद शिकवत. छावणीतला कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. आबांच्या एका यजमानाने त्यात चार खणांचं शिसवी कपाट घेतलं, आणि ते त्याच्या जिन्यातून वर जाईना म्हणून आबांना दक्षिणा म्हणून देऊन टाकलं. दोन हमालांनी ते गल्लीबोळांतून आमच्याकडे आणलं. आईने पुसून घेतलं. वरच्या खणात आबांच्या पोथ्या गेल्या, दुसरा आईने घेतला, तिसरा मला दिला. मला भाऊ-बहीण कुणी नव्हतं, त्यामुळे भांडण झालं नाही. सगळ्यांत खालच्या खणात देवांची वस्त्रं आणि आबांचं सोवळं.

चार दिवस सुखाचे गेले. मग एका खणाची मूठ बसवायला रामनगरहून एक मिस्त्री नावेने आला. त्याने खण उलटापालटा करून पाहिला आणि कौतुकाने म्हणाला, "महाराज, बिलायती काम है। असली सरेस से जोड़ा है।"

सरेस, म्हणजे आपला सरस, जनावरांची कातडी आणि हाडं उकळून करतात. आबांच्या पोथ्या त्यात! देवांची वस्त्रं त्यात! आईने कपाळावर हात मारला. आबांनी चारही खण एकावर एक रचले, डोक्यावर घेतले आणि सरळ घाट उतरले. तिथे ते ठोकून ठोकून सुटे केले आणि फळ्या गंगेत बुडवून ठेवल्या. सारा घाट बघत होता. एका नाववाल्याने विचारलंही, "पंडितजी, इनका अस्थि-विसर्जन है का?" सरस पाण्याने सुटला खरा, पण लाकूड फुगलं. उन्हात वाळलं तेव्हा जरा वाकडं होऊन वाळलं. त्या दिवसापासून आमचे खण कधी घट्ट बसले नाहीत.

"आणि कपाटाच्या सांगाड्याचं काय? त्यालाही सरसच असेल ना?" आईने विचारलं.

आबांनी पाठीमागे भिंतीएवढ्या उभ्या असलेल्या सांगाड्याकडे पाहिलं, आपल्या खांद्याकडे पाहिलं, आणि सांगाड्यावर पळीभर गंगाजल शिंपडलं. अडचणीच्या वेळी शास्त्रात सवलत असते, असं ते म्हणाले. आई हे वाक्य पुढे जन्मभर त्यांना ऐकवत राहिली.

सरस नको तर मग फळ्या चिकटवायच्या कशाने? चिंचोक्याच्या खळीने. हा शोध आईचा. दर वर्षी गंगेचा पूर ओसरला, घाटावरचा गाळ निघाला, हवा कोरडी व्हायला लागली की खणांचे कोपरे खुळखुळायला लागत. मग आई खापरात चिंचोके भाजून, त्यांची सालं काढून, रात्रभर भिजवत असे. सकाळी पाट्यावर वाटायचे आणि चुलीवर शिजवायचे. तोवर आबा खण सुटा करून बसलेले असत. कोपऱ्यात दोन फळ्यांचे दाते एकमेकांत अडकवलेले होते, दोन हातांची बोटं गुंफावीत तसे. त्या दात्यांवरची जुनी खळ फुटक्या काचेने खरवडून काढायची. जुनी राहिली तर नवी धरत नाही. जिथे दाता झिजून फट पडली असेल तिथे लाकडाची पातळ ढलपी बसवायची. मग ऊन ऊन खळ लावून फळ्या एकमेकींत दाबायच्या.

आणि इथे दुसरं माणूस लागायचं. एकट्याने खण जुळवला की तो हमखास तिरपा होतो, आणि तिरपा खण कपाटात जात नाही. म्हणून आई दोन्ही हातांनी चौकट धरून बसे आणि आबा दोरीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत माप घेत, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांचं. दोन्ही मापं सारखी आली की खण सरळ. यज्ञकुंड आखताना अशीच दोरी धरतात, असं ते दर वर्षी सांगत, आणि दर वर्षी आई म्हणे, "कुंडात निदान आग असते. इथे माझ्या हातांना मुंग्या आल्यात. बांधा आता."

"तू वाकडं धरलंस."

"तुमची दोरी वाकडी."

मग सुतळीचे वेढे घालून, त्यांत काडी अडकवून पीळ द्यायचा आणि खण रात्रभर तसाच ठेवायचा. त्या दिवशी घरभर चिंचोक्याचा भाजका वास असे. मला अजून तो वास आला की भूक लागते. चिंचोके काही कोणी जेवत नाही, पण लागते.

एक गोष्ट सांगायची राहिली. खणाला गल्लीत सगळे 'दराज' म्हणत, आणि मीही गल्लीतच वाढलेली. "आई, माझी दराज उघडत नाही," असं म्हटलं की आई ऐकूच येत नसल्यासारखं करायची. "खण म्हण, मग उघडेल." आमच्या मराठीत एव्हाना निम्मी हिंदी शिरली होती. आम्ही 'जल्दी' म्हणायचो, 'ठहर' म्हणायचो, आणि आईही म्हणायची. पण खणाच्या बाबतीत तिने माघार घेतली नाही. "लुगडं नेसणाऱ्या बाईच्या तोंडी खण हा शब्द असायलाच हवा," ती म्हणे. चोळीचा खण आणि कपाटाचा खण हे दोन वेगळे आहेत, हे मला बरेच दिवस कळलंच नव्हतं. आईच्या कपाटातल्या खणात चोळीचे खण असत, त्यामुळे माझी समजूत अशी, की ज्यात ठेवतात त्याचंच नाव आतल्या वस्तूला पडतं.

त्या काळच्या रीतीने माझं लग्न लवकर झालं आणि मी थेट साताऱ्याकडे, कृष्णाकाठच्या गावी जाऊन पडले. निघताना आईने ओटी भरली. तांदूळ, नारळ, हिरवा खण. मग तिने मला शिकवलं, की ओटीतले चार दाणे काढून माहेरी परत ठेवायचे. माहेर रिकामं करून जाऊ नये, आणि चार दाणे मागे राहिले की लेक परत येते. मी ते देवापुढे ठेवले. आई रडता रडता म्हणाली, "तुझा खण तसाच ठेवते हो. कुणाला हात लावू देत नाही." माझ्या खणात होतं काय? लाखेचा रंग उडालेली लाकडी चिमणी, एक भातुकलीची पळी आणि मंगलागौरीच्या देवळासमोर घेतलेल्या काचेच्या बांगड्या. पण तिने तो ठेवला. मी दोनदा माहेरपणाला गेले, दोन्ही वेळा सगळं जिथल्या तिथे होतं, आणि निघताना दोन्ही वेळा मी चार दाणे मागे ठेवून आले.

मग एका पावसाळ्यात आई तापाने गेली. मला कळलं तेव्हा तिचे दिवसवारही होऊन गेले होते. काशी कुठे आणि सातारा कुठे. मी विहिरीवर जाऊन रडले, कारण घरात माणसं होती. त्यानंतर काशीचं नाव निघालं की मी उठून कामाला लागे. आबा होते, पण वडिलांकडे माहेरपणाला जायचं म्हणजे काय करायचं? केसांना तेल कोण लावणार? "थोडी सुकलीस" असं कोण म्हणणार? मला गंगेची, घाटाची, आमच्या त्या अंधाऱ्या जिन्याची इतकी आठवण यायची की कृष्णेवर धुणं धुताना मी पलीकडचा काठ बघायचं टाळत असे. पलीकडे रामनगर दिसायला हवं, आणि दिसायचं उसाचं शेत.

असंच एक वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. गावातल्या शेजारच्या काकू काशीयात्रेला जाऊन आल्या. गंगेचा गडू दारात ठेवून त्यांनी निरोप सांगितला, "तुझ्या वडिलांनी सांगितलंय, तुझा खण ठेवलाय, येऊन घेऊन जा."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"खण ठेवलाय म्हणाले?"

"हो. हेच शब्द. दोनदा म्हणाले."

सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचं डोकं फार वेगाने चाले. काकू गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. पुरुषमाणूस काही ओटी भरत नाही. खण ठेवलाय म्हणजे घरात ओटी भरणारी सवाष्ण आली. तुझ्या वडिलांनी दुसरं लग्न केलंय."

मी म्हटलं, असं होणार नाही. पण रात्री विचार करायला लागले तर सगळं जुळत गेलं. बिजवरांची लग्नं रोजच होत होती. आबांना स्वयंपाक येत नव्हता. निरोप असा आडवळणाने, कारण लेकीला तोंडाने सांगायला लाज वाटली असणार. सकाळपर्यंत मी त्या बाईचं वयसुद्धा ठरवून टाकलं होतं: माझ्याहून लहान. आईच्या खणात तिची लुगडी. चौकट धरायला तिचे हात. मला इतका राग आला की त्या दिवशी माझ्या हातून दूध उतू गेलं.

"मी जाणार नाही," मी म्हटलं.

"जायचं," सासूबाई म्हणाल्या. "माहेर आहे की नाही, ते इथे बसून कसं कळणार? आणि हे घे." त्यांनी आपल्या पेटीतला एक नवा काठाचा खण काढून माझ्या हातात दिला. "नव्या आईची ओटी भर. ती पोर काय करणार बिचारी."

आमचे हे मला घेऊन निघाले. बोलायचं कमी हा त्यांचा स्वभाव, आणि माझं तोंड बघून तर त्यांनी सगळ्या प्रवासात खाऊ आणण्यापलीकडे काही केलं नाही. मोगलसराय आलं, गेलं. पुलावरून गाडी गेली, खाली गंगा दिसली, डब्यातल्या लोकांनी पाण्यात पैसे टाकले, हात जोडले. मी जोडले नाहीत. मी गंगेवरसुद्धा रागावले होते.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरले आणि तो वास आला. भाजक्या चिंचोक्यांचा, पण जरा करपलेला. म्हटलं, हिला जमत नाही वाटतं.

माजघरात आबा एकटेच बसलेले. समोर माझा खण सुटा करून ठेवलेला, मांडीवर फुटकी काच, आणि चुलीवर काळी पडलेली खळ. ते केवढे वाळले होते! मला बघून उठायला गेले आणि मांडीवरची काच खाली पडली.

"अगं, कळवलं नाहीस? ठहर, ठहर, आत काच आहे, पाय बघून टाक."

मी पाया पडले आणि डोळ्यांनी घर शोधत राहिले. दांडीवर एकच धोतर. चुलीपाशी एक पाट. ताट एक, वाटी एक.

"ती कुठेय?" मी विचारलं.

"कोण?"

मी पिशवीतून सासूबाईंनी दिलेला खण काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. मग यांनीच खाली बघत सगळं सांगितलं. आबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि ते पाणी मग हसण्याचं राहिलं नाही.

"अगं वेडे," ते म्हणाले, "खण म्हणजे हा खण. तुझ्या आईनं दराज म्हणू दिलं कधी? तोंडात तोच शब्द बसलाय."

मला सुटल्यासारखं झालं. आईच्या जागी कोणी नव्हतं. तिचा दुसरा खण बंद होता, मुठीवर धूळ होती. मी ते सगळं डोळे भरून बघितलं, आणि मग आबांच्या हातावर खळीने भाजल्याचे डाग दिसले, आणि ती एकुलती एक वाटी पुन्हा दिसली. आणि खरं सांगते, ज्या बाईला मी सातारा ते काशी शिव्या देत आले, ती त्या घरात असती तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. निदान खळ करपली नसती.

संध्याकाळी मी नवीन खळ शिजवली. आबांनी ढलप्या बसवल्या. मग चौकट धरायची वेळ आली आणि ते थांबले.

"एवढ्यासाठीच राहिला होता बघ. गेल्या वर्षीही मी तो जोडला, पण एकट्यानं तिरपा झाला. शेजारी कुणाला सांगितलं असतं तर आले असते. पण म्हटलं, नको."

मी आईसारखी मांडी घालून बसले आणि कोपरे धरले. आबांनी दोरी लावली. एकदा, मग दुसऱ्या बाजूने. 

"तू वाकडं धरलंस," ते हळूच म्हणाले.

"तुमची दोरी वाकडी," मी म्हटलं. मी कोपरे सोडेना, ते दोरी सोडेनात. खळ निवत चालली होती. शेवटी यांनीच सुतळी बांधली.

सासूबाईंचा खण मी मंगलागौरीला वाहिला. देवळाच्या पायऱ्या उतरताना वाटलं, देवीला तरी काय सांगावं, की हा खण कुणासाठी आणला होता.

निघायच्या दिवशी समोरच्या घरातल्या काकी ओटी भरायला येते म्हणाल्या. आबांनी हात जोडून नको म्हटलं. मला वाईट वाटलं. पण खरं तर त्यांनी भरली असती तर ती त्यांच्या घरची ओटी झाली असती. मी पिशवी उचलली तेव्हा आबांनी कपाटातून माझा खण पूर्ण बाहेर ओढला. त्यात तळाला मूठभर तांदूळ आणि एक नारळ ठेवला. लाकडी चिमणी होती तशीच होती. तो भरलेला खण दोन्ही हातांवर घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले, आणि उभं कसं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"मला ओटी भरता येत नाही. शास्त्रात नाही," ते म्हणाले. "पण खण, नारळ, तांदूळ, सगळं आहे. अडचणीच्या वेळी सवलत असते. पदर धर."

मी पदर पसरला. खण त्यात कसला मावतोय! खालून यांनी आधार दिला.

"शिवायला टाकू नकोस मात्र," आबा म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर हसायला गेले, पण ते जमलं नाही.

मी ओटीतले चार दाणे काढले. आबा देवाकडे बोट दाखवत होते. पण मी कपाटापाशी गेले. तिसऱ्या खणाच्या जागी चौकोनी अंधार होता. त्यात कोपरापर्यंत हात घालून मी ते दाणे आत ठेवले.

"येते," मी म्हटलं. या शब्दावर "ये हं" म्हणायचं काम आईचं होतं. मग आबांच्या लक्षात आलं, की आता ते आपलं आहे.

"ये हं," ते म्हणाले.

रामघाटावरून राजघाटापर्यंत आम्ही नावेने गेलो, खण माझ्या मांडीवर. स्टेशनात तो यांनी डोक्यावर घेतला तर एक हमाल म्हणाला, "बाबूजी, बाकी अलमारी कहाँ छूट गई?" हे पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मी मात्र मागे बघत होते.

साताऱ्याची हवा कोरडी. खण दर वर्षी सुटतो. मी चिंचोके भाजते, काचेने जुनी खळ खरवडते, आणि हे चौकट धरतात. वाकडी धरतात.

त्यानंतर जायचं जायचं म्हणता राहून गेलं. एकदा माझं बाळंतपण, एकदा सासूबाईंचं आजारपण. काशीला गेले ती आबा गेल्यावर, घर रिकामं करायला. समोरच्या काकी किल्ली घेऊन माझ्याबरोबर वर आल्या. कपाट जागच्या जागी होतं, तिसरी जागा तशीच उघडी. मी आत हात घातला. बोटांना दाणे लागले. चारच, आणि चांगले टणक. इतक्या वर्षांत कीडसुद्धा लागलेली नव्हती. मला नवल वाटलं.

"अगं, ते जुने नाहीत," काकी म्हणाल्या. "रात्री चूहे खाऊन जायचे, आणि पंडितजी सकाळी पुन्हा चार दाणे टाकायचे; ते गेल्यापासून किल्ली माझ्याकडे, तर मी टाकते. मी त्यांना एकदा म्हटलं, अहो, चूहे पाळलेत काय? तर म्हणाले, लेकीनं परत यायला ठेवलेत, ते संपवून कसं चालेल."